जाळीच्या कपाटातली जोडी

एकतीस वर्षं मी विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर माझ्याच पडवीत, माझ्या डोळ्यांदेखत एक मुका जीव तळमळून मेला तरी मला कळलं नाही. कळलं नाही हेसुद्धा खरं नाही. माझ्या बहिणीला कळलं होतं आणि तिने ते मला सांगितलं होतं. मी तिला गप्प बस म्हणाले. गावात अजून लोक भेटले की म्हणतात, "बाईनू, तुमी मुक्या जनावरांसाठी किती करतास." ऐकून अंगावर काटा येतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

आमचं घर आचऱ्याजवळ, रस्त्यापासून जरा आत. घरात आम्ही दोघीच. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, सत्तरी ओलांडलेली. मी लग्न केलं नाही. जामसंड्याच्या शाळेत नोकरी केली, तिथेच भाड्याच्या एका खोलीत आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर घरी आले. अक्का तरुणपणीच सासर सोडून माहेरी आली ती कायमची. तिचं सासर फोंडाघाटचं. ते कसं सुटलं ते पुढे येईलच, कारण त्याचा या सगळ्याशी संबंध आहे. नसता तर मला बरं वाटलं असतं.

पाऊस सरला की आमच्याकडे काजूच्या बागा बेणायला घेतात, म्हणजे खालचं वाढलेलं रान कापून जमीन मोकळी करतात. पूर्वी कोयत्याने करायचे, आता ग्रास कटर आलेत. त्या वर्षी शेजारच्या बागेत काम चालू होतं, आणि दुपारी बागेचा मालक एक काठी लांब धरून आमच्या अंगणात आला. काठीच्या टोकाला घोयरा.

"बाईनू, ह्यो बघा. पाय कापलो मेल्याचो. गडी मारूक उठलेले, मी म्हटलंय तुमका दाखवूया."

घोयरा म्हणजे रंग बदलणारा सरडा, ज्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात तो. आमच्याकडे घोयरा दिसला की लोक आधी मागे सरतात आणि मग दगड उचलतात. विषारी आहे, थुंकतो, त्याची नजर वाईट, काय वाट्टेल ते बोलतात. मी वर्गात वर्षानुवर्षं हे खोडून काढलं होतं. त्यामुळे त्याने घोयरा मारला नाही, माझ्याकडे आणला, याचं मला भारी कौतुक वाटलं. त्याचं कमी, माझंच जास्त.

नर होता. मागच्या एका पायाची बोटं पात्याने उडाली होती. मी बेटाडीन लावलं आणि वनरक्षकाला फोन केला. तो माझाच जुना विद्यार्थी. हत्ती खाली उतरले होते म्हणून त्याला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं. म्हणाला, "मॅडम, सावलीत ठेवा, पानांवर पाणी शिंपडत राहा, जखमेला माती लागू देऊ नका. सुटलो की येऊन घेऊन जातो. पाळायचा नाही हं, कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, मला कायदा शिकवू नकोस, आणि आम्ही दोघेही हसलो.

मागच्या खोलीत आईच्या वेळचं जाळीचं कपाट पडून होतं, दूध-तूप ठेवायचं. मांजर शिरू नये म्हणून त्याला तिन्ही बाजूंनी बारीक जाळी. मी त्याच्या फळ्या काढल्या, आत काजूच्या दोन फांद्या उभ्या केल्या, तळाला वर्तमानपत्र पसरलं आणि कपाट पडवीत पूर्वेच्या कडेला आणून ठेवलं. सकाळचं ऊन आधी कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात यायचं. घोयऱ्याने तो कोपरा पहिल्याच दिवशी धरला. मी घरामागच्या परड्यातून नाकतोडे पकडून आत सोडायची. जीभ कधी बाहेर आली आणि कधी आत गेली ते कळायचंसुद्धा नाही. आठवडाभरात जखम सुकायला लागली.

अक्का त्याच्या जवळ जात नसे. लांबून बघे आणि म्हणे, "दिसता वायट, पण गरीब आसा." येणारे-जाणारे डोकावून जायचे आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा. एकटो कसो रवतलो तो?

तो प्रश्न मला लागायचा. जामसंड्याच्या खोलीत मी तीस वर्षं एकटीने जेवले. संध्याकाळी शाळा सुटली की दुकानांत उगाच रेंगाळायची, कारण खोलीवर जाऊन बोलायचं कोणाशी. एकटं राहणं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. कपाटातल्या त्या प्राण्याकडे बघून मला वाटायचं, हाही तसाच बसलाय. त्याला विचारायची काही सोय नव्हती, म्हणून मी माझंच उत्तर त्याला देऊन टाकलं.

दहा-बारा दिवसांनी तोच शेजारी पुन्हा काठी घेऊन आला. पायवाटेवर, जमिनीवर चालत होती म्हणे, मादी. "बाईनू, तेका जोडीदारीण गावली." मादी जाडजूड होती, दोन्ही कुशी फुगलेल्या. अंडी असणार हे मला बघताक्षणी कळलं. मग एवढं कळल्यावर पुढचं का कळू नये? झाडावरून सहसा न उतरणारी मादी भर दिवसा जमिनीवर का चालत होती? माती शोधत होती, अंडी घालायला. आम्ही तिला तिच्या वाटेवरून उचललं आणि कपाटात घातलं. ती एक घटका आधी-मागे झाली असती, तर कोणाला दिसलीही नसती.

तिला आत सोडलं तेव्हा नर एकदम आडवा झाला, अंग फुगवून चपटा, हिरव्यावर पिवळे पट्टे. ती काळी पडली. सगळं अंग काळं आणि त्यावर पिवळेजर्द ठिपके. तोंड उघडून फुसकारली, जागच्या जागी पुढे-मागे डोलायला लागली. पाच-दहा मिनिटं हे चाललं, मग दोघं शांत झाली. नर वरच्या कोपऱ्यात गेला, ती खालच्या फांदीवर राहिली. माझी निरीक्षणाची एक वही होती. त्यात मी लिहिलं, 'सुरुवातीची अस्वस्थता संपली. दोघांचं जमलेलं दिसतं.' ती वही अजून आहे. फाडून टाकायला हात होत नाही.

भांडत नाहीत म्हणजे जमलं, एवढंच माझं शास्त्र. ऊन वरच्या कोपऱ्यातच यायचं आणि तिथे तो असायचा. ती वर चढू बघायची, तो नुसता एक डोळा तिच्याकडे वळवायचा, की ती थबकायची आणि मागच्या पायांनी हळूहळू खाली यायची. तो तिला कधी चावला नाही. कधी तिच्या अंगावर गेला नाही. मी म्हणायची, बघा, किती समजूतदारपणे राहतात.

आणि तिचे रंग. ते बघायला सगळा आवाठ, सगळी वाडी लोटली. नर बहुतेक वेळ हिरवा, त्याच्याकडे बघायला काही नसायचं. ती मात्र काळीभोर, अंगभर पिवळे ठिपके, मधूनच निळसर झाक. "काय रूप इलां हा तिका," बायका म्हणायच्या. "पोटात पोरां आसत म्हणान तेज इलां." त्यांच्यात कोणीतरी हौसेने कपाटाच्या जाळीला जास्वंद खोचून गेली. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, बघून खूश झाल्या आणि म्हणाल्या, आठवीच्या वर्गाला आणते, पुढच्या सोमवारी. निवृत्तीनंतर मला वर्ग मिळाला नव्हता. मी लगेच हो म्हणाले.

वनरक्षकाला दुसऱ्या घोयऱ्याचं मी सांगितलं नाही. त्याचा मधे एकदा फोन आला, पाय कसा आहे विचारायला. मी म्हटलं, सुधारतोय, तू सावकाश ये. तिच्याबद्दल सांगितलं असतं तर तो धावत आला असता, आणि दोघांना सोमवारच्या आत घेऊन गेला असता. विसरले वगैरे काही नाही. फोन हातात असताना माझ्या मनात हे सगळं स्पष्ट होतं.

पहिल्यांदा अक्का बोलली ती गुरुवारी. मी कपाटावर पाणी शिंपडत होते. ती दाराच्या उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती.

"बाय, तिका तेच्यापासून बाजूक ठेव."

"कित्याक?"

"गुरवार आसा ती, पोटात अंडी आसत तिच्या. पयल्या बाळंतपणाक बाईमाणूस घोवाच्या घरात रवता काय?"

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "अक्का, ती काय बाईमाणूस आसा? तिका म्हायेर आणि सासर?"

"तुझ्या पुस्तकात काय आसतला तां आसतला. माका दिसता तां मी सांगतंय. ती तेच्याकडे पाठ करून बसता. सकाळपासून एक घास खाल्ल्यान नाय. तेचो डोळो तिच्यावरसून हलना नाय."

"वगी रव गो. तुका काय कळता त्यातला."

हे मी तिला म्हणाले. तिला. ज्या एका गोष्टीतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, नेमक्या त्या गोष्टीवर.

आता फोंड्याचं सांगते. अक्काला दिवस गेले तेव्हा मी मालवणला कॉलेजात होते, दुसऱ्या वर्षाला. सातव्या महिन्यात ओटी भरून मुलीला माहेरी आणायची, आणि आणायला माहेरचं माणूस जावं लागतं. नुसता निरोप धाडून चालत नाही, सून आपल्या पायांनी उठून येत नाही. त्याच वर्षी बाबा माडावरून पडले होते, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. आई त्यांना सोडून हलू शकत नव्हती. आम्हाला भाऊ नाही. जायचं ते मीच. आईने तसं कळवलं. माझी परीक्षा तोंडावर आली होती. मी अक्काला कार्ड टाकलं, परीक्षा संपली की लगेच येते, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

सासरचं घर मोठं, माणसं दहा-बारा, विहीर लांब आणि दिवस उन्हाळ्याचे. तिथे तिला कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. माणसं वाईट नव्हती असंच सगळे म्हणायचे, मीही म्हणायची. फक्त तिथे ती सून होती आणि सुनेने पाणी भरायचं होतं. मी पोचले तेव्हा तिला बाळंत होऊन चार दिवस झाले होते. मुलगी झाली होती. रडलीच नाही म्हणे. अक्का मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी ओटीचं सामान पिशवीतून बाहेरही काढलं नाही. तिला घेऊन आले. तिकडून परत न्यायला कोणी आलं नाही, आणि कोणी आलं असतं तरी ती गेली नसती. चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या ऑपरेशनला तिला कोल्हापूरला न्यायची होती. फोंड्याच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. सगळे उतरले, अक्का खिडकीची काच ओढून मान खाली घालून बसून राहिली. या एवढ्या वर्षांत तिने मला त्या कार्डाबद्दल एक शब्द विचारला नाही.

तर ती गुरुवारी बोलली आणि मी तिला गप्प केलं. शुक्रवारी सकाळी उठून बघते तर कपाटात तिची जुनी सुती साडी. वरून खालपर्यंत, दोन फांद्यांच्या मधोमध, चक्क पडदा. दोन्ही टोकं जाळीत सुतळीने ओवून घट्ट बांधलेली. माझ्याशी एक अक्षर न बोलता तिने घोयऱ्यांच्या कपाटात हात घातला होता, लांबूनसुद्धा बघायला बिचकणाऱ्या बाईने.

मी चिडले, पण राहू दिलं. दोन दिवसांत मादीचे ठिपके गेले, काळा रंग उतरला. साधी हिरवी झाली, पानासारखी. शनिवारी तिने तीन नाकतोडे खाल्ले. आणि मी, शहाणी, वहीत लिहिलं, 'मादी निस्तेज. रंग गेला.' मला वाटलं, ती आजारी पडतेय. जो रंग मला तेज वाटत होता तो धास्तीचा होता, आणि धास्ती गेल्यावर ती आपल्या मूळ रंगावर आली होती. एवढी सोपी गोष्ट. आठवीतल्या पोराला विचारली असती तर कदाचित त्याने बरोबर सांगितली असती.

शनिवारपासून ती तळाला उतरायला लागली. वर्तमानपत्रावर यायची आणि पुढच्या पायांनी खरडायची. खर्र, खर्र. कागद फाटला की खालची फळी लागायची, मग तिच्यावर खरडायची. थोडा वेळ थांबायची, दुसऱ्या कोपऱ्यात जायची, पुन्हा खरडायची. अक्काने माडाच्या मुळाजवळची भुसभुशीत वाळूमिश्रित माती एका घमेल्यात भरली, चाळणीने चाळली, वर पाण्याचा हबका मारला आणि घमेलं कपाटाच्या दाराशी आणून ठेवलं.

"तिका मातयेत जावचा आसा, बाय. घाल ह्यां भुतूर."

"माती नको. तेच्या पायाची जखम ओली आसा अजून. माती लागली तर चिघळतली."

"मगे तेका भायर काढ."

"सोमवार होवंदे. मंगळवारी काय ता बघूया."

जखम केव्हाच सुकली होती. पण कपाटाच्या तळात ते घमेलं ठेवलं असतं, तर तिने त्यात भोक पाडून अंग पुरून घेतलं असतं, आणि सोमवारी वर्गाला काय दाखवायचं होतं? हे मी तेव्हा स्वतःशी या शब्दांत बोलले नाही. शब्द आत्ता सापडलेत. अक्काने घमेलं उचललं नाही. दारापाशीच ठेवलं आणि दिवसातून दोनदा त्यावर पाण्याचा हबका मारत राहिली.

सोमवारी सकाळी वर्ग यायच्या आधी मी ती साडी सोडली. अक्का देवळात गेली होती, ती जाईपर्यंत मी थांबले होते. सुतळीच्या गाठी अशा घट्ट की सुरीने कापाव्या लागल्या. साडी बाजूला झाली आणि नराला ती दिसली. तो आडवा झाला, फुगला. ती बघता बघता काळी पडली, आणि एकेक पिवळा ठिपका उमटायला लागला. मला आनंद झाला. म्हटलं, बरी झाली, रंग परत आला.

पोरं आली, चाळीसएक असतील. पडवीत दाटीवाटीने बसली. मी त्यांना डोळे दाखवले, पकड दाखवली, शेपूट दाखवली. काय बोलले ते सगळं आठवतं. मी सांगितलं, हा घोयऱ्यांचा संसार आहे. बाई आता आई होणार आहे, म्हणून एवढी नटलीय. पोरं हसली. मादी तळाला उतरली आणि खरडायला लागली, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्या. मधेच तोंड उघडून डोलायची आणि पुन्हा खरडायची. "बाई, नाचता बघा ती," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या थांबवल्या नाहीत. एक मुलगी तेवढी हसत नव्हती. तिने विचारलं, "बाई, तिला बाहेर यायचंय का?" मी म्हटलं, नाही गं, बाहेर तिला शत्रू आहेत, इथे ती सुखरूप आहे.

अक्का देवळातून आली तेव्हा पोरं रांगेने बाहेर पडत होती. तिने कपाटाकडे पाहिलं, खाली पडलेली साडी उचलली, कापलेली सुतळी पाहिली. पदरात बांधून आणलेला प्रसाद माझ्या हातावर ठेवला आणि आत गेली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर मी चार शब्द परत केले असते आणि मोकळी झाले असते.

दुपारनंतर मादी खरडायची थांबली. मी म्हटलं, दमली. मंगळवारी ती तळालाच पडून होती, फांदीवर चढली नाही. डोळे आत गेले होते आणि दिवसाउजेडी मिटलेले. घोयऱ्याचे डोळे दिवसा मिटलेले असू नयेत, एवढं मला माहीत होतं. आता मी नराला बाहेर काढून टोपलीखाली ठेवला. आता घमेलं आत ठेवलं, तिला उचलून मातीवर ठेवलं. तिने पुढचा एक पाय मातीत रोवला, जरासा ओढला आणि तसाच राहू दिला. त्यात जोरच नव्हता. फोन केला. वनरक्षक म्हणाला, दोन आहेत? मॅडम, दोन? बुधवारी पहाटेच निघतो म्हणाला.

तो आला तेव्हा ती मेलेली होती. काळा रंग उतरून ती फिकट झाली होती, ठिपका एकही नाही. त्याने तिला तळहातावर घेतलं, पोटावरून अंगठा फिरवला. मी म्हटलं, काय ते स्पष्ट सांग. तो माझ्याकडे न बघता बोलला, शाळेत चूक सापडल्यावर उभा राहायचा तसाच उभा राहून.

"हे एकटे राहणारे, मॅडम. वर्षातून थोडे दिवस सोडले तर यांना दुसरा घोयरा नजरेसमोरसुद्धा नको असतो. आरसा दाखवला तरी घाबरतात. एकत्र ठेवले की भांडत नाहीत, एक दबून राहतो आणि खंगतो. आणि हिला अंडी घालायची होती. समोर नर आणि खाली फळी. तिने धरून ठेवली, मग अडकली." मग म्हणाला, "तुम्हाला कसं कळणार म्हणा. पुस्तकात नसतं हे."

"आमच्या घरात कळला होता," मी म्हटलं. त्याला अर्थ लागला नाही आणि मी समजावलं नाही. त्याने कागद केले, माझी सही घेतली. नराला बागेच्या वरच्या अंगाला, न बेणलेल्या रानात सोडलं. तो एकदाही मागे न बघता करवंदीच्या जाळीत शिरला. मादीला वनरक्षक तपासणीसाठी घेऊन गेला. संध्याकाळी डॉक्टरांचा निरोप त्याने फोनवर सांगितला. अंडी पूर्ण तयार होती, सगळी. जागा मिळाली असती तर त्याच दिवशी घातली असती.

कोणत्या दिवशी ते त्याने सांगितलं नाही. मला माहीत होतं, शनिवारी.

फोन ठेवून मी पडवीत आले. अक्का रिकाम्या कपाटासमोर पाटावर बसली होती. घमेलं तिने बाहेर काढलं होतं आणि मातीत मादीच्या एका पायाची ओढलेली रेघ अजून तशीच होती. मी तिच्या शेजारी खाली बसले. माझ्या गुडघ्यांना आता खाली बसवत नाही, तरी बसले.

म्हटलं, "अक्का, माजां चुकला."

मी पुढे म्हटलं, "घोयऱ्याचाच नाय. तेव्हाचापण. माका तेव्हाच येवक होया होता."

पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी हे तोंडातून काढलं. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की ती रडेल, मी रडेन, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवील.

अक्काने घमेल्यातली रेघ बोटाने सपाट केली. मग साधेपणाने सांगायला लागली, "मी गाठोडां बांधून ठेवलेलंय. दोन लुगडी, फणी, आणि बाळाक शिवलेली टोपडी. दाराआड ठेवलेलंय, तू इलंस की लगेच निघाक. रोज येष्टीचो आवाज इलो की उठान बघी. मगे तुजां कार्ड इलां. तां वाचलंय आणि गाठोडां सोडलंय."

तिने हातावरची माती झटकली, गुडघ्यावर हात टेकून उठली, घमेलं उचललं. आणि दोन पावलं जाऊन वळली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तिने एवढी वर्षं विचारलं नव्हतं.

"पेपर बरो गेललो मा तुजो?"

"बरो गेललो," मी म्हटलं. "पयलो वर्ग मिळालो."

"बरां झाला," अक्का म्हणाली, आणि माती परत माडाच्या मुळाशी ओतायला परड्यात गेली.